बांध कोरणारा डोळा

कापडे, वरची वाडी
४ नोव्हेंबर

चि. अमितास गोदूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

आमच्या डोंगरावर रेंज नाय, म्हणून कागद धाडते. माझ्या नातीच्या, श्रियाच्या डाव्या डोळ्यातला जन्माचा मोतीबिंदू मुंबईला काढला. आठ महिन्यांची पोर चष्म्यात बाहुलीवानी दिसते! पण महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आता उजवा, चांगला डोळा रोज पट्टीनं झाका. दुखणं एकाला नि शिक्षा दुसऱ्याला! पोर रडून आकांत करते. माझा विनोद नि सूनबाई भात झोडायला गेले की मी पट्टी काढून टाकते. त्यांना बोलू नको. तू पुण्यात मेंदूचं शिकतेस ना? मग सांग गो, डोळा साफ झाला, तर पट्टी कशाला?

तुझी आत्या

पुणे
११ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

धन्य आहेस! अगं, डोळा साफ झाला, पण बघायला मेंदू शिकतो. बाळाच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींकडे बारीक तंतू धाडतात. मी ते सूक्ष्मदर्शकातून बघते, जेवण विसरते. गंमत अशी, की नुसता तंतू भिडून भागत नाही. अलीकडच्या टोकाला निरोपाच्या रसायनाच्या पिशव्या जमाव्या लागतात, पलीकडे तो निरोप झेलणारे रेणू. निरोप जात राहिले तरच जोड टिकतो, नाहीतर सुटतो. हे नेमकं कसं जुळतं, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही.

श्रियाचा उजवा डोळा मेंदूतली डाव्याच्या वाट्याची जागा बळकावतोय. ती परत मिळवायची वेळ लहानपणीच असते. पट्टी काढलीस, तर डावा डोळा असून नसल्यासारखा होईल.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी अमिता

कापडे
२ डिसेंबर

चि. अमितास आशीर्वाद.

म्हणजे उजवा डोळा बांध कोरतो, असंच ना? आमचा भाऊबंद हैबती तेच करतो. रान पडीक दिसलं, की ह्याचा नांगर सरकलाच! तुझं पत्र वाचून कळलं गो. माझीच माया पोरीच्या मुळावर उठली होती.

आता पट्टी मीच लावते. ती रडते, मी पण रडते. मग लाल पदर हलवते, कोंबडी दाखवते. लाल रंगाचे निरोप जोरात जातात काय? झोपेत पण जोड बनतात काय? सगळं लिही, नि आत्यावरचा जीव तसाच राहू दे.

काल पट्टी लावून तिला मांडीवर घेतली. डावा डोळा बघतो काय ते कळावं, म्हणून बांगडीसुद्धा वाजू दिली नाय. पोर टकामका बघत राहिली, मग हात लांबवून माझ्या नाकातली फुली धरून ओढली. लय दुखलं गो. पण मी सोडवली नाय.

तुझी आत्या,
गोदूबाई