आप्पांच्या ताटातली भाकरी

१० फेब्रुवारी १९३५

आज जेवताना आप्पांनी विचारलं, "इंदे, बी. ए. झालीस, एवढं सांग. भाकरी खाल्ली न्हाई तर माणूस जेवला म्हणायचं का न्हाई?" मी ताकाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

मधुमेह ठरल्यापासून डॉ.नी भाकरी, भात, गूळ, साखर, बटाटा सगळं बंद केलं आहे. पालेभाजी, अंडी, मटण, ताक, शेंगदाणे चालतील. इंजेक्शनं टाळायची तर हाच एक रस्ता. आप्पा मिलमध्ये जॉबर, मजुरांवरचे मुकादम, असले तरी वाढले वैरागकडच्या रानात. भाकरीवरच माणूस उभा. ताटातली मेथी बघून म्हणाले, "शेरडाचं जेवण हाय."

त्यांचं झाल्यावर आई नेहमीसारखी त्यांच्याच ताटात बसली.

१४ फेब्रु.

नळी हिरवी.

हे रोजचं काम माझ्याकडे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आप्पांच्या लघवीचे थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी. विटकरी म्हणजे खूप.

मालतीचं पत्र. पाचगणीला तिच्या शाळेत जूनपासून इंग्रजीची जागा रिकामी होते आहे. "माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. खिडकीतून दरी दिसते. ये." पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी रात्री काय काय ठरवायचो. सगळं आठवलं.

पण इथलं पथ्य कोण सांभाळणार? आईला आप्पांचा चेहरा बघवत नाही, एखादे दिवशी भाकरी वाढून बसेल. मनाशी ठरवलं आहे. नळी निळी राहायला लागली तरच जायचं. एरवी नाही.

३ मार्च

मालतीकडून पार्सल. ओल्या फडक्यात लाल देठ, अळूच्या देठांसारखे, पण कडक. याला रुबार्ब म्हणतात, शाळेच्या बागेत लावला आहे. पानं विषारी, म्हणून तिनं कापूनच पाठवले. चिठ्ठीत, "साहेब लोक याचा गोड पाक करतात. तू साखरेऐवजी सॅकरिन घाल. यात साखर जवळजवळ नसते, डॉक्टरांना विचार." विचारलं. चालेल म्हणाले.

तिच्या सांगण्याप्रमाणे शिजवलं. गुलाबी रंग फार सुंदर आला. आप्पांनी एक चमचा घेतला, घास तोंडातच धरून बसले. मग म्हणाले, "ह्ये गोड न्हाई. गोडाचं सोंग हाय." उरलेलं मी खाल्लं. जिभेवर बराच वेळ कडू.

५ मार्च

चुकलं कुठं ते आज लक्षात आलं. मा.नं सांगितलं तसं केलं, घरात करतो तसं केलं नाही. देठ चुक्याच्या भाजीसारखे घोटले. लसणीची फोडणी, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट. डाळ नाही, गूळ नाही.

आप्पांनी वाटी पुसून खाल्ली. "आमच्या विहिरीकडं असाच आंबट चुका यायचा," म्हणाले आणि बराच वेळ त्या विहिरीबद्दल बोलत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

शेजारच्या नरसम्मालाही वाटीभर दिलं. तिच्या घरी रोज अंबाडी. चाटून म्हणाली, "आमच्या अंबाडीचा साहेब भाऊ हाय की ह्यो. टोपी घालून आलाय."

देठ चिरताना त्यांना अजून थोडा गारवा होता. तिकडचा. उगीच गालाला लावून पाहिला.

२४ मार्च

नळी निळी. कालही निळी होती. परवाही.

ऊन चढलं आहे. दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. पाचगणीला अजून पांघरूण लागतं म्हणे. खाट, खिडकी, दरी. वर्गात माझा आवाज कसा येईल?

आईला आज पाणी भरताना घेरी आली. "उन्हानं," म्हणाली.

२६ मार्च

ऊन नव्हे.

सकाळी आतल्या खोलीत वाचत पडले होते. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज. थोड्या वेळानं थांबला. मग तवा उतरवल्याचा आवाज. एवढ्यात? उठून पाहिलं तर टोपल्यात माझ्यापुरत्याच भाकऱ्या. डब्यातलं पीठही कित्येक दिवसांत फारसं कमी झालेलं नाही, हे तेव्हा डोक्यात आलं.

"आई, तू काय खातेस?"

"ह्यांच्या ताटात जे असतं ते."

"आणि भाकरी?"

"त्यांच्या ताटात भाकरी न्हाई. माझ्या तोंडात कशी जाईल?"

म्हणजे पथ्य सुरू झाल्यापासून. नळीकडे बघता बघता मी आईकडे बघितलंच नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात.

२८ मार्च

दोन दिवस वाद. कॉलेजात याच विषयावर बोलून बक्षीस घेतलं होतं. नवऱ्याचं उष्टं, स्त्रीचा मान, वगैरे. सगळं बोलले. आई तांदूळ निवडल्यासारखी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुजं खरं असंल बाई. पर घास उतरत न्हाई त्याला काय करू?"

रागानं मीही जेवले नाही. तिनं मला मात्र वाढून आणलं.

२ एप्रिल

आप्पांना सांगितलं. सांगायला नको होतं असं आधी वाटलं. रात्रीच्या जेवणाला पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "एक भाकरी वाढ."

मी म्हटलं, "आप्पा, नाही."

"तू गप ऱ्हा की जरा."

आईनं वाढली. आप्पांनी भाकरीचा कोपरा मोडला. नाकाशी धरला. इतका वेळ धरला की मी पुढं झाले. मग तो तुकडा परत भाकरीवर ठेवला, अंडं आणि भाजी संपवली, आणि उठताना आईला म्हणाले, "झाली माझी उष्टी. खा आता."

आई त्या ताटात बसली. खाताना रडत होती. मी ओसरीवर गेले. उष्ट्या ताटाची ती चाल मला अजूनही पटत नाही. पण ती जेवली.

१३ एप्रिल

रोज असंच. मोडतात, वास घेतात, ठेवतात.

आज नळी हिरवी. ताटातला तुकडा पाहिला. होता. पण कालच्यापेक्षा लहान वाटला का? आप्पांनी माझी नजर पकडली. "मास्तरीण झाली व्हय माझी?" हसत म्हणाले. मीही हसले. डॉ. म्हणाले, थोडं वरखाली होणारच.

२२ एप्रिल

पुन्हा निळी. तरी रोज ताट उचलताना तुकडा बघते. स्वतःचीच लाज वाटते.

१९ मे

रुबार्बचं दुसरं पार्सल उन्हानं वाटेतच आंबलं. फडक्यातून लाल पाणी गळत होतं. मा.ची चिठ्ठी ओली. "जागेसाठी दुसऱ्या बाईंचं नाव पुढं आलं आहे. तू काय ते लवकर सांग."

आप्पांनी ओली चिठ्ठी पाहिली, मला वाचून दाखवायला लावली. नाइलाजानं सगळी वाचली. म्हणाले, "माझी लघवी तापवायला शिकवली व्हय तुला? जा." आई म्हणाली, "आन् लगीन?" आप्पा म्हणाले, "डोंगरावर बी माणसंच ऱ्हात्यात."

नळी निळी आहे. ती निळी आहे ती माझ्यामुळे, की आप्पा स्वतःच सांभाळतात म्हणून?

२७ मे

मालतीला होकार कळवला, जागा ठरली. आईला नळी शिकवते आहे. पहिल्या दिवशी तिनं पदरानं नाक धरलं. आज स्वतः दिवा लावला. रंग बघून म्हणाली, "मोरपंखी." मी म्हटलं, मोरपंखी असं काही नसतं, निळा की हिरवा? पुन्हा बघून म्हणाली, "मोरपंखीच." उजेडाकडे धरून मीही पाहिलं. खरंच ठरवता येईना.

देठ तर आंबूनच गेले. बाजारात चुका मिळतो आहे अजून. आईची भाजी माझ्यापेक्षा चांगली होते.

६ जून

दौंड. गाडी थांबली आहे, म्हणून अक्षर जरा बरं.

पहाटे आप्पा स्टेशनवर आले. गाडी हलल्यावर टोपी काढून हातात धरली, एवढंच.

आत्ता शिदोरी सोडली. कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, कांदा. सगळ्यात वरच्या भाकरीचा कोपरा मोडलेला. आई मोडकी भाकरी कधी बांधून द्यायची नाही. म्हणजे आप्पांनीच.

तुकडा परत ठेवलेला नव्हता. फडकं झटकलं, चटणीची पुडी उचलून पाहिली. नाही. कडक भाकरी, वाटेत चुरा झाला असेल. किंवा घाईत ओट्यावर राहिला असेल. किंवा आप्पांनी तोंडात टाकला.

पुण्याला उतरून परतीची गाडी धरावी असं क्षणभर वाटलं. आजची नळी मी पाहिली नाही. आईनं तापवली आणि मी विचारलं नाही.

तीच भाकरी घेतली, आणि मोडलेल्या बाजूकडून सुरुवात करून सगळी खाल्ली आहे.