अकराव्या मिनिटाची बाई

३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
माझ्या मिक्समध्ये अकराव्या मिनिटाला गाणारी बाई कोण? मला माहीत नाही. इथे कबूल करायला हरकत नाही, ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

बाकी तेरा गाण्यांची सगळी माहिती माझ्याकडे आहे: गायक, संगीतकार, वर्ष, स्टुडिओ, एका ठिकाणी तर ढोलकी वाजवणाऱ्याच्या भावाचं नावही. मिक्स एकूण एकोणसत्तर मिनिटांचं आहे. प्रत्येक गाण्याआधी मी ही माहिती स्वतःच्या आवाजात सांगते. इतर हौशी डीजे गाण्याला गाणं जोडतात आणि गप्प बसतात. कोणाचं काय वाजवलं, पत्ता नाही. मी किमचॉन शहर वाचनालयात कंत्राटी कामाला आहे. पुस्तकावर लेखकाचं नाव नसेल तर आम्ही ते कपाटात ठेवत नाही. गाण्याने काय पाप केलंय?

अकराव्या मिनिटाचं हे तिसरं गाणं जुन्या कॅसेटवरचं आहे. इलेक्ट्रिक ऑर्गन उतारावरच्या ट्रकसारखा सुटलेला. बाईचा आवाज जाडाभरडा, पण पाय आपोआप हलतात. शेवटच्या कडव्यात ती गाता गाता थांबते आणि म्हणते, आले, आले, दोन ना? मग पुन्हा गाते. मला वाटतं, ही मानवी द्वैताबद्दलची टिप्पणी असावी.

आठवड्याभरात नाव शोधून काढीन.

५ नोव्हेंबर
आठवड्याची घाई का, ते नोंदवून ठेवते.

उजिनदादा कॉलेजमध्ये माझ्या तीन वर्षं पुढे होता. तेगू शहरात त्याचं लाँड्रीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीतून तो एक छोटा इंटरनेट रेडिओ चालवतो. शनिवारी दुपारी हौशी लोकांची मिक्स लावतो. सप्टेंबरमध्ये मी त्याला अकरा पानांची 'नामोल्लेख संहिता' पाठवली. मग आठवण करून देणारे नऊ ईमेल. शेवटी त्याने कलम पहिलं मान्य केलं: ज्या मिक्समधल्या एका जरी कलावंताचं नाव माहीत नसेल, ते मिक्स लागणार नाही.

माझं मिक्स २९ तारखेसाठी निवडलं गेलंय. पहिल्यांदाच. यादी २५ पर्यंत द्यायची आहे.

हे मिक्स लागलंच पाहिजे. अप्पा तीस वर्षं ट्रकवर आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. चार वर्षं शिकून मी नेमकं काय करते, हे त्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही. रेडिओ त्यांना कळतो.

७ नोव्हेंबर
जेवताना अप्पांची कटकट. ट्रकच्या खणातली टेप सापडत नाही. टेपला काय पाय फुटले का, म्हणाले. आई म्हणाली, तुमचं डोकं खांद्याला चिकटलंय म्हणून, नाहीतर तेही कुठल्या तरी थांब्यावर विसरून आला असता.

वस्तूंना क्रमांक दिले की त्या हरवत नाहीत, हे मी अप्पांना समजावलं. अप्पांनी विचारलं, पोरी, तू पाहिलीस का? मी विचारलं, कुठली टेप? हे खोटं नव्हे. संशोधनात आधी प्रश्न स्पष्ट करून घ्यावा लागतो.

ऑक्टोबरात ट्रक साफ करताना मी ती ऊन आणि धुळीपासून वाचवली, इतकंच. वरचं लेबल पार पुसलेलं. तसंही अप्पा हल्ली पेन ड्राइव्हवरच गाणी ऐकतात. हायवेच्या थांब्यावर मिळणारे ते पेन ड्राइव्ह. हजार गाणी, आणि गायकाचं नाव एकाचंही नाही. मी त्यांना किती वेळा सांगितलंय, की हे चोरांना उत्तेजन आहे.

१० नोव्हेंबर
संकल्प: रोज दोन पत्रं.
आज पाच लिहिली. गायकांच्या संघटनेला, एका प्राध्यापकांना, तीन जुन्या रेकॉर्डच्या दुकानांना.

गाणं ओळखणारं अॅपही लावून पाहिलं. त्याने सांगितलं, आवाजाच्या जवळ जाऊन पुन्हा प्रयत्न करा. मी स्पीकरला फोन टेकवला. मग त्याने सांगितलं, आवाजापासून थोडं दूर जा.

१२ नोव्हेंबर
संकल्प: इंटरनेटवर दुसऱ्यांच्या मिक्सखाली शिकवणी घ्यायची नाही.

दुपारी तीन कमेंट लिहिल्या. ती शिकवणी नव्हती, मार्गदर्शन होतं. दोंगबेक नावाचा एक डीजे आहे. त्याने यादीत नुसतं 'गाणं एक, गाणं दोन' असं लिहिलंय. मी त्याला सभ्य शब्दांत विचारलं, की उद्या तुमच्या मुलांना कोणी 'मूल एक, मूल दोन' म्हटलं तर चालेल का?

त्याने उत्तर दिलं, मला मुलं नाहीत, पण ताई, तुमच्या अकराव्या मिनिटाला कोण गातंय?

म्हणजे मी तिथे टाकलेलं मिक्स त्याने अकरा मिनिटं ऐकलं.

मी लिहिलं, संशोधन चालू आहे. त्याने हसणारा चेहरा पाठवला. मी वाद वाढवला नाही. त्याला ब्लॉक केलं.

१५ नोव्हेंबर
संघटनेकडून उत्तर नाही. प्राध्यापक परदेशात आहेत. दोन दुकानं कधीच बंद झालीत.

तिसऱ्या दुकानाचे म्हातारे मालक फोनवर भेटले. गाणं पूर्ण ऐकलं, मधेच खोकले, मग विचारलं, ही टेप कुठून आणलीत? मी सांगितलं, खाजगी संग्रहातून. ते म्हणाले, मग संग्रह ज्याचा आहे त्याला विचारा की बाई, मला म्हाताऱ्याला काय विचारता?

चांगले गृहस्थ. पण संशोधनाच्या पद्धती त्यांना ठाऊक नसाव्यात.

१८ नोव्हेंबर
उजिनदादाला फोन केला. यादीत 'संशोधनाधीन' असा शब्द चालेल का, विचारलं. त्याने मला माझंच कलम पहिलं वाचून दाखवलं. मी अधोरेखित केलेल्या शब्दांवर जोर देऊन. त्याखाली माझंच उदाहरण होतं: 'संशोधन चालू आहे' ही आळशी माणसाची पळवाट होय. मागे कपडे वाळवण्याचं मशीन घरघरत होतं, तरी तो हसतोय हे कळलं. म्हणाला, सोदाम, ते एक गाणं काढून टाक ना, तेरा पुष्कळ झाली.

काढून पाहिलं. उरलेलं मिक्स ऐकलं. मीठ न घातलेल्या सूपसारखं लागलं. परत घातलं.

२० नोव्हेंबर
एक नाव लिहिलं. बरं होतं. एखाद्या जुन्या गायिकेला शोभेल असं. पुढे वर्षही टाकलं. कोणाला कळणार होतं?

सव्वा तासाने खोडलं. खोडलं हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

२२ नोव्हेंबर
आज हिवाळ्याची किमची घालायचा दिवस. तिन्ही आत्या आल्या. ऐंशी चिनी कोबी, अंगणात पाच टब, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. मी ठरवलं, की स्पीकर बाहेर लावून बायकांची अभिरुची थोडी वर आणायची. रेडिओआधीची रंगीत तालीमही होईल.

पहिल्या गाण्याआधी मी स्टुडिओचा इतिहास सांगत होते, तेव्हा मोठ्या आत्याने विचारलं, बातम्या लागल्यात का? धाकटी म्हणाली, विम्याची जाहिरात दिसतेय, फोन उचलूच नका. मधलीने सुचवलं, की ही गप्प होईपर्यंत मुळे किसून घेऊ.

अकराव्या मिनिटाला अप्पा मिठाचं पोतं घेऊन मागच्या दाराने आले. आले ते थांबले. पोतं खाली ठेवलं. म्हणाले, ही तर माझी टेप.

मग म्हणाले, मल-सून गातेय.

आईने मान वर न करता सांगितलं, मल-सूनच, दुसरं कोण? आणि शेवटचं कडवं आलं तेव्हा तिन्ही आत्या हातमोज्यांसकट टाळ्या पिटत एका सुरात ओरडल्या, आले, आले, दोन ना? टबाभोवती तिखटाचा सडा.

माझ्या आराखड्यात पुढचा टप्पा जाणकारांच्या मुलाखतींचाच होता.

मी अप्पांना सांगितलं, की टेप मी जतनासाठी घेतली होती. त्यांनी विचारलं, जतन मोज्यांच्या खणात करतात का? (धुतलेले मोजे आई ठेवते. तिनेच पाहून सांगितलं असणार.) ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, मागितली असतीस तर दिली असती. मग कोबीचं एक पान तोडलं, मसाला लावला आणि माझ्या तोंडात भरवलं. फार तिखट होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानेच.

२४ नोव्हेंबर
सोमवारी वाचनालय बंद. अप्पांबरोबर ट्रकमधून हायवेच्या थांब्यावर गेले. सोबत नाशपातीची पेटी, संमतिपत्र दोन प्रतींत आणि माझ्या हातचं मानपत्र.

मल-सून मावशी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. पूर्ण नाव मा मल-सून. अक्रोडाचे छोटे केक भाजून विकतात. अप्पांनी ओळख करून दिली, ही आमची पदवीधर. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, बापावर गेली, पण नाक आईचं, वाचली.

पूर्वी त्या या दुकानाशेजारीच टेप विकायच्या. गायकांच्या टेप महाग पडायच्या, म्हणून स्वतःच गाऊन एक टेप काढली. दुकानातच, एकीकडे केक भाजत. 'दोन ना' म्हणजे केकच्या दोन पिशव्या. गिऱ्हाईक आलं होतं. द्वैताबद्दल मी विचारलं नाही.

तुझ्या बापाने ती टेप चार वेळा घेतली, त्या म्हणाल्या. वाजवून वाजवून फिती तुटायच्या. चौथी दिली तेव्हा सांगितलं, बाबा रे, ही शेवटची, माझ्याकडेही राहिलेली नाही. म्हणून अप्पा ती जपून वाजवतात. फक्त त्या खिंडीच्या उतारावर, जिथे डोळा लागतो.

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

संमतिपत्र त्यांनी दोन बोटांनी धरलं, तेलाचा डाग पडू नये म्हणून. वाचलं. म्हणाल्या, माझं नाव कशाला पहिलं? आठ तास ऑर्गन वाजवत उभा होता तो चष्मे. त्याचं टाक आधी, मी नुसती ओरडलेय.

त्यांचं नाव काय?

चष्मे. सगळे चष्मेच म्हणायचो. पुढे दक्षिणेला गेला कुठेतरी. खरं नाव कोणी विचारलंच नाही, आता बघ कशी पंचाईत.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनाही माहीत नव्हतं. म्हणजे कलम पहिल्याप्रमाणे मी जिथे होते तिथेच.

मिक्स ऐकायचं म्हणाल्या. एका कानात इअरफोन घालून भाजत राहिल्या. स्वतःचं गाणं आलं तेव्हा चार केक करपवले. मग म्हणाल्या, गाणी झकास लावलीत, पण मधेमधे ही कोण पोरगी बडबडते?

अप्पांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, निवेदिका आहे, नवीन आहे, शिकेल.

परत येताना मी खिडकीबाहेर बघत बसले. अप्पांनी केकची पिशवी पुढे केली. दोन ना, म्हणाले. मी दोन घेतले.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
दुपारी उजिनदादाला सगळं खरं सांगितलं. ऑर्गनवाल्याचं नाव मिळणार नाही, म्हणून संहितेप्रमाणे मी मिक्स मागे घेते.

तो म्हणाला, अगं, मागे कशाला घेतेस? ते कलम मी वेबसाइटवर टाकलंच नव्हतं. तुझे ईमेल थांबावेत म्हणून फक्त तुला हो म्हटलं होतं. दोंगबेकची चार मिक्स लागली या महिन्यात, गाणं एक, गाणं दोन. तुझं शनिवारी तीन वाजता आहे. फक्त एक विचारू का, म्हणाला, ते गाण्यांमधलं निवेदन जरा... मीच म्हटलं, कळलं.

पाच वाजता कामाला बसले. आता सगळं झालंय, म्हणून लिहून ठेवते.

टेप ट्रकच्या खणात परत ठेवली. लेबल चिकटवलं. त्यावर क्रमांक घातला नाही.

तिसऱ्या गाण्याची नोंद आता अशी आहे: ऑर्गन, चष्मे, खरं नाव कोणी विचारलं नाही. आवाज, मा मल-सून, अक्रोडाचे केक विकतात. टेप, माझे वडील चे दॉक-सू यांच्या ट्रकमधली, न विचारता घेतलेली.

चौदाही गाण्यांची माहिती लेखी यादीत गेली, ढोलकीवाल्याच्या भावासकट. दोंगबेकला अनब्लॉक केलं आणि नाव कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

उजिनदादाला नवी फाइल पाठवली. तिच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर काढल्या. मावशींची अप्पा उद्या पोचवतील, दुसरी ट्रकमध्ये लावून ठेवलीय.

मिक्स आता त्रेचाळीस मिनिटांचं आहे. गाणं एकही काढलेलं नाही. मल-सून मावशी सहाव्या मिनिटालाच येतात.