ती आली का?

रविवार, २ तारीख

सामान टाकलं आणि आधी खिडकी उघडली. समोर न्हाव्याचं दुकान, त्याच्या वर कपडे वाळत घातलेले, आणि त्या कपड्यांच्या फटीतून, मान जरा वाकडी केली तर, तिच्या गल्लीचं तोंड दिसतं. मान वाकडी राहिली तरी बेहत्तर. खोली पक्की!

घरात दोघंच. काकू आणि काका. काकू पूर्वी एका दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या. काकांचा गोळ्यांचा धंदा होता, म्हणजे पेपरमिंटच्या. अजूनही अंगणात हातयंत्र आहे. दांडा ओढला की टक्‌ करून पांढरी गोळी खाली पडते. आल्या आल्या माझ्या हातावर मूठभर ओतल्या. बोलत मात्र नाहीत. काकू त्यांच्या वाटचं बोलतात.

मला फिट येते हे मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. नंतर कळून हाकलण्यापेक्षा आधीच हाकला म्हटलं. काकूंचा चेहरा उलट उजळला. म्हणाल्या, मग तर तू योग्य घरी आलास, पथ्याचं मी बघते. गोळ्यांची बाटलीही माझ्याकडून घेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली. वर खोलीत विसरशील, इथे डोळ्यांसमोर राहील.

कॉलेजात एका दीडशहाण्याने माझ्या फिटची नक्कल केली, मी बाक उचलून फेकला, प्राचार्यांनी माफी माग म्हटलं, मी ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी म्हणून निघालो. आईने फोनवर विचारलं, आता काय दिवे लावणार? चष्म्याच्या दुकानात लावतोय, आई. उद्यापासून.

तेवीस तारखेला, तिची परीक्षा संपली की, ती तिच्या दादाला घेऊन इथे जेवायला येणार आहे. दादा म्हणजे तोफ. मागे म्हणाला होता, हा हिचा हात धरणार आणि रस्त्यातच आडवा होणार. तोवर एकही फिट येऊ द्यायची नाही. आली, तर तिच्या घरचं दार कायमचं बंद.

बुधवार, ५

दुकान झकास आहे. मालक विनोदी. गिऱ्हाईक म्हातारं असेल तर म्हणतात, आजोबा, हा चष्मा लावल्यावर सून सुंदर दिसेल, नाही दिसली तर दोष काचेचा नाही.

काकूंनी आज जेवताना सगळं खोदून विचारलं. प्रत्येक फिटच्या आधी काय खाल्लं होतं? मला कुठलं आठवायला! आमचे डॉक्टर म्हणतात, खाण्याने येते असं सगळ्यांच्या बाबतीत काही सिद्ध नाही. फक्त उपाशी राहू नकोस, जागरण नको, दारू नको, काही फळं औषधाशी भांडतात ती विचारून खा, आणि गोळी चुकवू नकोस. काकू हसल्या. चुलीजवळचं डॉक्टरांना काय कळतं, म्हणाल्या.

त्यांची पद्धत अशी, की एका वेळी एकच पदार्थ. सध्या अंडी. सकाळी अंडी, दुपारी अंडी. कोंबडी लाजेल.

टेबलाशी चौथी खुर्ची आहे. तिच्यासमोर पेला पालथा घातलेला असतो. काकांना विचारलं, तर म्हणाले, मुलगी गेली. मला वाटलं, लग्न होऊन गेली. कोणत्या गावी, असं मी आपलं सहज विचारलं. काकूंचा वाढायचा हात हवेतच थांबला. काका म्हणाले, जवळच.

मंगळवार, ११

आज फजिती. जिना उतरत होतो, तर काकूंनी खालून विचारलं, काय रे, ती आली का? मी कानापर्यंत लाल. म्हटलं, यांनी मला खिडकीत मान वाकडी करताना पाहिलेलं दिसतंय! म्हणालो, अजून नाही, तेवीसला येणार. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. तुला तारीख आधी कळते? म्हणाल्या. मग दोघांच्याही लक्षात आलं. मी माझ्या तिच्याबद्दल बोलत होतो, त्या फिटबद्दल. या घरात फिटला नुसतं ‘ती’ म्हणतात.

मी पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

अंडी संपली. आता चीज.

शनिवार, १५

दुकानात हात उडाला. एकदाच, झटका बसल्यासारखा. गिऱ्हाइकाची फ्रेम जमिनीवर. मालक म्हणाले, प्रेमात हात थरथरतात, पण माझ्या मालावर नको. मी हसलो, पण आतून चरकलो. गोळी तर रोज घेतोय. काकू रोज विचारतात, गोळी खाल्लीस ना? रोज त्यांच्यासमोर गिळतो.

घरी सांगितलं. वाटलं होतं, अरेरे म्हणतील. त्या म्हणाल्या, चीजच्या आधी की नंतर? आणि काकांकडे वळून, चला, म्हणजे अंडं सुटलं.

सुटलं म्हणजे? खटल्यातून सुटतात तसं?

जेवताना त्या माझ्या ताटाकडे बघत नाहीत. बोटांकडे बघतात.

रविवार, १६

आली.

दुपारी, टेबलाशी. मला आधी करपलेल्या दुधाचा वास येतो, नेहमीच. काकूंना म्हटलं, दूध उतू गेलं वाटतं. त्या म्हणाल्या, आज घरात दूधच नाही. त्यानंतरचं आठवत नाही. जीभ चावली गेली आहे. खांदा ठणकतोय.

शुद्ध आली तेव्हा काकूंनी डोकं मांडीवर घेतलं होतं, आईसारखं. पुसत होत्या, थोपटत होत्या. पण मांडी आणि डोक्याच्या मध्ये उशी होती. वरच्या खोलीतली नव्हे, फुलाफुलांची, लहान मुलीची. जेवायला बसलो तेव्हाच ती माझ्या खुर्चीमागे होती. मी बसताना पाहिली होती.

तिला कळता कामा नये. दादाला तर मुळीच नाही.

मंगळवार, १८

मालकांना काकूंच्या मुलीबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकही विनोद नाही.

काकूंची मुलगी त्याच टेबलाशी गेली. जेवता जेवता फिट आली ती थांबलीच नाही. तिचा चष्मा मालकांनीच केला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जेवणाचा काही संबंध नाही, हा आजार कधी कधी असा दगा देतो. काकूंना पटलं नाही. स्वयंपाक त्यांच्या हातचा होता. त्या दिवशी टेबलावर जे जे होतं, त्यातल्या कशाने, हे त्यांना कळायलाच हवंय.

मालक म्हणाले, तुझ्याआधीचा भाडेकरूही फिटवालाच होता. तो कुठे गेला, विचारलं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

गुरुवार, २०

गोळी चावली. रोज पाण्याबरोबर गिळतो, आज चावली.

गोड.

बाटली घेऊन तसाच अंगणात गेलो. काका दांडा ओढत होते. टक्‌. टक्‌. पांढऱ्या, त्याच मापाच्या. हे काय आहे, म्हणून मी ओरडलो. काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, औषध चालू असलं की कशाने येते ते कळत नाही, असं ही म्हणते. मी फक्त पुदिना घालत नाही.

बाटली भिंतीवर फोडली. यंत्राला लाथ घातली. काकू शांतपणे दारात आल्या. म्हणाल्या, रागावू नकोस बाळा, रागानेही येते ती. मग अन्नाने आली की रागाने, कसं कळणार?

बाळा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी — म्हणूनच जास्त —

खऱ्या गोळ्या? मोरीत, म्हणे. पहिल्याच दिवशी.

शुक्रवार, २१

दुकानाच्या मागच्या खोलीत. डॉक्टर गाठले, खऱ्या गोळ्या मिळाल्या. म्हणाले, औषधाचा जम बसायला वेळ लागेल, तोवर पोटभर खा, शांत झोप, एकटा राहू नकोस. पोलिसांत जा, असंही म्हणाले. जाईन. तेवीस होऊ दे. आत्ता बोभाटा झाला, तर दादाला आयतंच कोलीत.

मालकांनी डबा दिला. उघडला, वास घेतला, झाकला. कोणी केलंय? कशाने केलंय? घशाखाली उतरत नाही.

शनिवार, २२

झोप नाही. खाल्लं नाही. नुसतं पाणी, तेही नळाखाली ओंजळ धरून.

तिला कळवायचं कसं? परीक्षेपायी तिचा फोन दादाकडे. दादाला काय सांगू — मला पुन्हा येते म्हणून? उद्या कोपऱ्यावरच गाठायचं दोघांना, दुसरीकडे जेवायला न्यायचं. त्या दारात पाऊल नाही.

हात पुन्हा उडाला. भुकेने असेल. उपाशी राहू नकोस म्हणाले होते — माहीत आहे — पण —

रविवार, २३

वरच्या खोलीत. माझ्याच.

कोपऱ्यावर उभा होतो, तर काकूंच्या खिडकीतून तिचं हसणं ऐकू आलं. आधीच पोचले होते. दादा म्हणे वेळेचा पक्का.

टेबल भरलंय. अंडी, चीज, मासे, द्राक्षं, सगळं. एका वेळी एकच नाही. आज सगळं. त्या दिवसासारखं. ती चौथ्या खुर्चीत बसली आहे. पेला सुलटा केलाय. दादा मिटक्या मारतोय, म्हणतो, काकू, याला इथेच ठेवून घ्या, चार दिवसांत माणसात येईल.

मी चला म्हणालो. दादाने भुवई उचलली. ती डोळ्यांनी म्हणाली, बस ना रे, सगळं छान चाललंय. काकू म्हणाल्या, हात धुऊन ये.

म्हणून वर — दोन ओळी लिहितो, म्हणजे हात थांबेल — चौथी खुर्ची, तिला तिथे नको —

दूध करपलंय.

नाही. चूल बंद आहे. येताना पाहिली. भांडी सगळी टेबलावर —

वास वाढतोय. दार लावू तर उठवत नाही. खिडकी — मान वाकडी — आपोआप —

खालून काकू हाक मारतायत. ती आली का रे?

आणि ती हसून म्हणतेय, इश्श काकू, मी इथेच तर आहे.

जिना वाजतोय. एकाचीच पावलं. ती असू दे — नको, तिने बघायला नको — काकू तर — हातात फुलाफुलांची उ