बाहुलीघरातला सकाळचा निळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रंग मिसळण्याचा (आता निवृत्त), असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, आणि दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाल्यामुळे दृष्टीही ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागाच्या भरात मात्र लिहीत आहे. राग सात महिने टिकला आहे, तेव्हा तो क्षणिक म्हणून कोणी कोर्टात सोडून देऊ नये.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि मागची बाल्कनी, माझ्यामागे चिरंजीव आणि सूनबाई यांच्या नावे समान हिश्श्याने व्हावे. अट एकच. मागच्या खोलीला ऑफ-व्हाइट रंग देऊ नये. चिरंजीव घरे विकून देण्याच्या धंद्यात आहेत आणि दिसेल त्या भिंतीला ऑफ-व्हाइट फासतात. गिऱ्हाईक नाक मुरडत नाही म्हणे. मी गिऱ्हाईक नाही.

कलम दोन. बँकेतील ठेव आणि अंगावरचे सोने सूनबाईला. कारण विचारू नये, सर्वांना ठाऊक आहे.

कलम तीन. माझे यजमान सुतार होते. त्यांचे दोन रंधे, पटाशा, लहान करवत आणि मोजपट्टी हीसुद्धा सूनबाईलाच. तिला निदान खिळा सरळ ठोकता येतो. चिरंजीवांनी आयुष्यात एकच खिळा ठोकला, तो पाण्याच्या पाइपात. त्या दिवशी यजमान हसले होते, मी हसले नव्हते, आजही हसत नाही.

कलम चार. माझे ब्रश, शून्य नंबरपासून चार इंचीपर्यंत, आणि रंग घोटायची सुरी शेजारीणबाईंना द्यावी. त्या शिवणकाम करतात, त्यांना हत्यारांची कदर आहे. मी जिथे चौतीस वर्षे काउंटरमागे उभी राहिले त्या रंगाच्या दुकानाच्या मालकांना काहीही देऊ नये. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा आणावा आणि मी डोळ्याच्या अंदाजाने तोच रंग डब्यात उतरवावा, अशी माझी ख्याती होती. झाकणावर त्याच रंगाचा ठिपका बोटाने लावल्याशिवाय माझ्या हातून डबा बाहेर जात नसे. शेवटच्या वर्षी रंग जुळला नाही म्हणून दोन डबे परत आले, तर मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, आता मशीन बसवतोय. तुम्ही घरी आराम करा." त्यांनी माझ्या प्रेताला हारसुद्धा आणू नये.

कलम पाच. बाहुलीघर, एक नग. वर्णन असे: उंची तीन फूट, मजले दोन, खोल्या सहा, पुढची भिंत बिजागरीवर उघडणारी. नात झाली त्या वर्षी यजमानांनी प्लायवूडमधून ते उभे केले, आणि रंग द्यायच्या आधीच ते गेले. कोरे घर सात वर्षे कपाटावर पडून होते. नात, जिला तिच्या आवाजामुळे आम्ही टिटवी म्हणतो, एके रविवारी स्टुलावर चढून म्हणाली, "आजी, ह्यात कोणी राहत का नाही?" तेव्हापासून दीड वर्ष, दर रविवारी, आम्ही दोघींनी ते घर राहण्याजोगे केले.

जमीन आइस्क्रीमच्या काड्यांची, प्रत्येक काडी पॉलिश पेपरने घासलेली. जिन्याचा कठडा दात कोरायच्या काड्यांचा. आरसा पावडरच्या जुन्या डबीतला. दारांच्या मुठी टाचण्यांच्या. पडदे शेजारीणबाईंच्या चिंध्यांचे. आणि रंग सगळे टिटवीने निवडलेले: दिवाणखाना मोहरीसारखा पिवळा, जिना लाल, बाहुलीच्या आजीची खोली हिरवी, "कारण आजी हिरव्या रागावतात." हे तिचेच शब्द. मी फक्त मिसळत होते.

भांडण स्वयंपाकघरावरून झाले. तिला निळा हवा होता. "सकाळचा निळा," ती म्हणाली, "सगळे उठायच्या आधीचा." मी पांढऱ्यात निळा घातला. मला तो मळका दिसला, म्हणून आणखी घातला, आणखी एक थेंब, आणि भिंत रंगवली.

"आजी, हा फार निळा झालाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? चौतीस वर्षं मी रंग बनवलेत."

"पण हा खोली खाऊन टाकतोय."

"नऊ वर्षांची पोर मला रंग शिकवणार आता?"

तिने हातातला ब्रश टर्पेंटाइनमध्ये न बुडवता तसाच ठेवला. "मग राहू दे. तुझंच घर आहे ना," म्हणाली आणि चपला घातल्या.

त्याच आठवड्यात माझे पहिले ऑपरेशन झाले. दुसरे होईपर्यंत मी बहिणीकडे राहिले, किल्ल्या चिरंजीवांकडे. भांडण त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनी काय करावे? माझ्या पुढच्या खोलीची भिंत रंगवून उरलेला ऑफ-व्हाइट डिस्टेंपर घेऊन सहाच्या सहा खोल्या, जिना आणि कठडा एका दुपारी लिंपून टाकला! मी घरी येऊन पाहिले आणि चपला न काढताच चिरंजीवांना बोलावून घेतले.

"आई, चिडतेस कशाला? किती स्वच्छ दिसतंय बघ. आता रंगावरून कोणाचं कोणाशी भांडण नको."

पण मी येण्याआधीच टिटवी सूनबाईबरोबर कुंड्यांना पाणी घालायला येऊन गेली होती. सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, ती म्हणते, आजीनं माझं घर पुसून टाकलं." मी चिरंजीवांना विचारले, "तू तिला सांगितलंस ना, की हे तू केलंस?"

"लहान आहे ती. विसरेल."

ती विसरली नाही. सात महिने तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही. माझा फोन लागला की खोलीतून निघून जाते. आणि बाप आपल्या पोरीसमोर तोंडाला कुलूप लावून बसला आहे, कारण खरे बोलला तर ती त्याच्यावर रुसेल, आणि आजीवर रुसलेली त्याला चालते. ह्या गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही. सदर बाहुलीघर माझ्यामागे टिटवीस द्यावे आणि ते कोणी लिंपले हे चिरंजीवांनी तिला माझ्या दहाव्या दिवसाच्या आत, उभे राहून सांगावे.

इथवर लिहून मी उठले. मिळकतीचे वर्णन बिनचूक हवे म्हणून खोल्या मोजायला गेले. सात महिन्यांत मी त्या घराला हात लावला नव्हता.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नखाने खरवडले, तर पापुद्रा सरळ निघून आला. येणारच. खाली ऑइल पेंट, वर पाण्याचा रंग, मध्ये पॉलिश पेपरचा एक हातसुद्धा नाही. सुताराच्या आणि रंगवालीच्या पोटी जन्म घेऊन एवढेही येऊ नये! पण त्यांच्या ह्याच अडाणीपणामुळे आमचे रंग खाली शाबूत राहिले. मोहरी, लाल, हिरवा, सगळे आहेत.

आणि निळाही होता. नव्या डोळ्यांनी पाहिला. भडक, अंगावर येणारा, शाळेच्या शाईसारखा. खोली खाऊन टाकत होता.

मोतीबिंदू डोळ्यावर पिवळी काच लावतो, असे माझ्या डोळ्यांच्या डॉक्टर सांगतात. पिवळ्या काचेतून निळा मळका दिसतो, म्हणून मी निळा घालत गेले. ज्या रंगासाठी मी पोरीला तोडून बोलले, तो तिला दिसत होता तसाच होता. मला दिसत नव्हता. सात महिने मी चिरंजीवांवर आग पाखडली, कारण ते सोपे होते. पोरीला घालवली आधी मीच.

कलम सहा. कलम चारमध्ये दुरुस्ती. परत आलेल्या दोन डब्यांपैकी एका डब्याबद्दल दुकानमालकांना माफ करते. हार एक आणावा, लहान.

कलम सात. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला द्यायला डॉक्टर आल्या, तेव्हा त्यांनी हे सर्व वाचले. म्हणाल्या, "आजी, हे तिला कळायला तिनं तुमच्या मरणाची वाट बघायची का?" मी त्यांच्यावरही चिडले. मग पेनाचे टोपण पुन्हा काढले.

सबब कलम पाचमधील बाहुलीघराचे दान मी रद्द करते. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात घालता येत नाही. ते घर तिचेच आहे, आणि तिला हे सांगायला मी येत्या रविवारी सकाळी दहाला तिच्याकडे जाईन. तिने माझ्याकडे यावे अशी अपेक्षा नाही. घर रिक्षात मावत नसेल तर पुढची भिंत काढून मांडीवर घेईन. बरोबर पांढरा आणि निळा, दोन्ही डबे नेईन. मिसळेल ती. चिरंजीवांनी त्या वेळी घरीच थांबावे, त्यांनाही बोलायचे आहे.

खाली एक चौकट रिकामी ठेवली आहे. त्यात टिटवीने तिच्या सकाळच्या निळ्याचा ठिपका स्वतःच्या बोटाने लावावा. तोवर हे मृत्युपत्र पुरे झाले असे समजू नये, आणि अर्धवट काम टाकून जाण्याची मला सवय नाही.

सही: (रंगवाल्या बाई)

साक्षीदार एक: डोळ्यांच्या डॉक्टर. बाईंचे डोके शाबूत आहे, दृष्टी उत्तम आहे. रक्तदाबाबद्दल वेगळे बोलले आहे.

साक्षीदार दोन: शेजारीणबाई, शिवणकाम. सही माझ्यासमोर झाली. पडदे धुऊन दिले आहेत.

ठिकाण: राहते घर, मागची खोली. दिनांक: सहा ऑक्टोबर, गुरुवार.

पुरवणी, रविवार, दिनांक नऊ: चौकटीत ठिपका लागला आहे. माझ्या मते रंग अजून थोडा फिका आहे. मी काही बोललेले नाही.