एमलिनच्या काचघरातलं फूल

सोमवार, ३ मार्च
कळ्या आल्या! अकरापैकी सात कुंड्यांत. एमलिनच्या काचघरात मी एकटीच उभी राहून हसत होते. वेड्यासारखी.

कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं, कारण सांगायला कोणी नाही. सप्टेंबरात माझ्या नवऱ्याने, इडवलने, डॅफोडिलचे अकरा कंद खताच्या ढिगावर भिरकावले. "मऊ पडलेत. गेले." मी दाबून पाहिले, मला तर घट्टच लागले. पण त्याच्या डॅफोडिलबद्दल मी बोललेलं त्याला चालत नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने नऊ वेळा गावच्या फुलांच्या प्रदर्शनाचा चषक आणला आणि माझ्याकडे काम काय, तर प्रदर्शनाच्या दिवशी पाण्याची बादली आणि सँडविच. म्हणून गप्प राहिले. कंद पिशवीत भरले आणि गल्लीच्या टोकाला एमलिनकडे नेले.

एमलिन शाळेची बस चालवायचा. बायको गेल्यापासून एकटाच असतो. काचघरात टोमॅटोशिवाय कधी काही लावलं नाही. मी सगळं सांगितलं. "ठेव," म्हणाला. बस्स.

सदुसष्टाव्या वर्षी माझ्याकडे गुपित आहे!

रविवार, ९ मार्च
चॅपलमध्ये प्रवचन चालू असताना कळ्या आठवल्या आणि फिसकन हसू आलं. इडवलने कोपर मारलं. खोकल्याचं सोंग केलं.

शुक्रवार, १४ मार्च
रोज दुपारी तीनला, इडवल डुलकी काढतो तेव्हा, मी एमलिनकडे. कुंड्या थोड्या थोड्या फिरवायच्या, नाहीतर देठ उजेडाकडे वाकतात. हे सगळं इडवलचं बघून बघून आलेलं. तो समजतो मी नुसती बादली धरून उभी असते.

बुधवार, १९ मार्च
जेवताना इडवल म्हणाला, "नेस्टा सांगत होती, तू रोज एमलिनकडे जातेस."

नेस्टा म्हणजे प्रदर्शनाची चिटणीस, आणि गावातल्या सगळ्या खिडक्यांचीही.

"जाते."
"कशाला?"
"गप्पा मारायला."
"तो तर बोलतच नाही."
"म्हणून तर बरं वाटतं," मी म्हटलं.

रश्शातला बटाटा त्याच्या काट्यावरून निसटला. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट जिना चढताना गुणगुणत होते.

मंगळवार, २५ मार्च
पहिलं फूल उघडलं. पाकळ्या पांढऱ्या, मधला पेला शेंदरी. पाकळीला एक लहानसा चिरा. ते बाद. पण दुसरी कळी! ती अजून मिटलेली आहे आणि मला आत्ताच माहीत आहे, हीच ती.

प्रवेशपत्र भरलं. एका फुलाचा गट, खुला. नवशिक्यांच्या गटात नाही — तिथे जिंकून कोणाला काय दाखवणार? खाली लिहिलं: जी. पॅरी. जी जरा वाकडाच आला. नेस्टाच्या दारातल्या पेटीत लिफाफा टाकला आणि पळाले. खरंच पळाले. गुडघा अजून दुखतोय.

शनिवार, २९ मार्च
नेस्टाचा फोन.

"ग्लेनिस, तुझं प्रवेशपत्र मिळालं. म्हणजे एमलिनकडे हे चाललं होतं?"
"हेच."
"फुलंच फक्त?"
"फुलंच."
मग म्हणाली, "खरं सांगू? जरा निराशाच झाली."

कोणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. नेस्टाकडून! बघू.

रविवार, ३० मार्च
दुपारी गारा. चॅपलचे कपडे न बदलता तशीच धावले. काचघराची एक काच आधीपासून फुटकी आहे, बरोबर माझ्या कुंडीच्या वर. पाहते तर एमलिन स्टुलावर बसून तिच्यावर छत्री धरून होता. अर्धा तास झाला होता म्हणे. कोटाच्या बाह्या भिजलेल्या. मी म्हटलं, "अरे, कुंडी बाजूला सरकवायची ना."
त्याने कुंडीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. "हो की," म्हणाला.
आम्ही दोघं इतके हसलो की मला खाली बसावं लागलं.

गुरुवार, ३ एप्रिल
उघडलं. काही लिहिता येत नाही. सहा पाकळ्या, एकीलाही सुरकुती नाही. पेला इतका गोल, जणू कोणी चहाचा कप उपडा ठेवून आखलाय.

संध्याकाळी कापलं. एमलिनच्या फ्रिजमध्ये. त्याने दूध, लोणी, सॉसेज सगळं काढून बाहेर मांडलं. "फुलाला वास लागेल," म्हणतो. इडवल शेडमध्ये त्याच्या फुलांशी. यंदा फार चिडचिड करतोय. दोनदा मला शेडमधून हाकललं.

शनिवार, ५ एप्रिल
सगळं क्रमाने लिहायचं. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी आठला हॉलमध्ये. इडवलची बारा फुलं मी नेहमीसारखी टेबलापर्यंत नेली. "पाणी आण," म्हणाला. गेले. नळाशी एमलिन, हातातल्या टोपीआड दुधाची बाटली आणि बाटलीत माझं फूल! बादली त्याच्या हातात दिली, बाटली मी घेतली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, फुलदाणीत शेवाळ दाबून देठ सरळ उभा केला. कुंचल्याने पाकळ्या सारख्या केल्या. फुलाचं तोंड समोर यावं म्हणून मान हलकेच वळवली. त्या क्षणी माझा जीव कुठे होता देव जाणे. नावाचं कार्ड पालथं ठेवलं. परत आले तर इडवल विचारतो, "पाणी आणायला समुद्रावर गेली होतीस का?"

दहाला सगळ्यांना बाहेर काढलं. परीक्षक आत. चार तास! मी मनुकांच्या पावाचे पाच तुकडे खाल्ले.

दोनला दारं उघडली. तीन फुलांच्या गटात इडवल दुसरा. असं कधी झालेलं नाही. मग सगळे चषकाच्या टेबलाकडे सरकले, आणि तिथे एकच फूल. पांढरं. शेंदरी पेल्याचं.

माझं.

लोक इडवलची पाठ थोपटायला लागले — कार्ड आता सुलटं होतं, त्यावर पॅरी दिसलं ना! तो पुढे गेला. फुलावर वाकला. इतका वाकला की नाक टेकेल असं वाटलं. बराच वेळ तसाच.

"कोणाचं?" त्याने नेस्टाला विचारलं.
"ग्लेनिस पॅरीचं."
तो सरळ झाला. "माझ्या माहितीत ती एकच आहे," म्हणाला.

लोक हसले. तो नाही. एमलिन मागून टाळ्या वाजवत होता, एकटाच, फार जोरात. इडवलने गर्दीतून माझ्याकडे तोंड केलं, आणि मला वाटलं आता हा निघून जाणार. पण जवळ येऊन एवढंच म्हणाला, "देठ बोटभर लांब हवा होता."

परतताना गाडीत चषक मांडीवर. दोन वेळा उतरून जावंसं वाटलं, रस्त्यावर नाचायला.

रविवार, ६ एप्रिल
इडवल बोलत नाही. चषक खिडकीत. त्यात चमचे ठेवले. येता-जाता वाजवून बघते. मजा थांबत नाही, काय करू!

सोमवार, ७ एप्रिल
अजून गप्प. चहाला "हं" म्हणाला. त्याला जिंकायची सवय आहे, मला त्याच्या रुसव्याची. बघू कोण आधी थकतं.

मंगळवार, ८ एप्रिल
न्याहारीला इडवल बोलला. चषकाबद्दल नाही.

"तुझं फूल अगदी जवळून पाहिलं, ग्लेन. पाकळ्या दिसल्या. मध्ये काही नव्हतं. नुसता करडा ठिपका. नाताळपासून जे बघतो त्या सगळ्याचंच असं होतंय."

मी विचारलं, "आणि मी?"

त्याने मान थोडी वळवली, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघितलं.

"अशी," म्हणाला. "कडेकडेने."