लाटांत वर येणारी पाणबुडी

इंदूर, श्रावणातला सोमवार, संध्याकाळ

आज कॉलेजच्या कॉम्प्युटरने काढलेल्या आकड्यांत पाणबुडी पुन्हा उलटली. गणिताचे आकडे भोकं पाडून पंच केलेली कार्डं मी एकेक करून तपासली होती. पाण्याखाली ती सरळ राहते. लाटांत वर येताना मात्र वरच्या भागात अडकलेलं पाणी वेळेत निथळत नाही आणि ती कलंडते. सर म्हणाले, "तुमचं गणित चुकतंय." चुकलेलंच असू दे रे देवा! माझा धाकटा भाऊ वसंता अशाच खऱ्या पाणबुडीवर आहे.

सध्या तो सुट्टीवर आलाय. चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "वर येताना बोट फार हलते का रे?"

"कुठे भिया! कपातला चहापण सांडत नाही," इंदुरी पोरांसारखं मला 'भिया' म्हणत तो हसला.

"आणि लाटा मोठ्या असल्या तर?"

त्याचं हसू गेलं. आई पोहे घेऊन येत होती. तो हळूच म्हणाला, "दादा, आईसमोर नको."

म्हणजे गणित बरोबर आहे? आठवडाभर मी चूक शोधतोय, ती सापडायलाच हवी होती. परवा तो परत जाणार. काय सांगून थांबवू त्याला? जे सांगणार, ते त्याला माझ्याआधीपासून माहीत आहे. तरी तो जातोच.