एकोणचाळीस लाल खुणा

ज्योत्स्नाताईस जयभीम.

तुझा लेख नियतकालिकाने परत केला, त्यात माझा हात आहे. मी जुन्या शहरात टायपिंग करतो, तिथे एक सर परीक्षणासाठी आलेले लेख आधी माझ्याकडे देतात. "तू फक्त शुद्धलेखन पाहा," म्हणतात. लेखकाचं नाव झाकलेलं असतं. शेतात तण निंदणाऱ्या बायांच्या बोलण्यावरचा तो लेख मी दहावी नापास माणसाच्या भीतीने तीनदा वाचला. जिथे 'मले' होतं तिथे 'मला' केलं. एकोणचाळीस लाल खुणा झाल्या. सरांनी खाली लिहिलं, 'भाषा अशुद्ध. नाकारावा.' माझ्या खुणांसकट लेख तुझ्याकडे आला.

काल तू अमरावतीहून फोनवर रडलीस. "आईचं बोलणं होतं रे ते, जसंच्या तसं. तिले पुस्तकात ठेवाचं होतं मले. तिचं 'मले'बी खोडलं त्यानं. त्याले माय नसन का रे?"

मी म्हणालो, "नसन."

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिची वाक्यं माझ्यासमोर होती आणि मी वेलांट्या तपासत होतो.

ताई, हे पत्र टाकायची हिंमत मले नाही. मघाशी सवयीने त्या 'मले'वर लाल पेन टेकवलं होतं. उचलून घेतलं.

तुझा भाऊ,
संघपाल